खरं खेळ

१२ जानेवारी, रविवार

कंपनीच्या डॉक्टरबाईंनी डायरी लिहायला सांगितली आहे. राग आला की वेळ लिहायची, कारण लिहायचं आणि एक ते दहामधला आकडा टाकायचा. आकडे मी टाकणार नाही. आणि लिहिणार मराठीत. म्हणजे उद्या त्यांनी वही मागितलीच तर खुशाल घ्यावी.

झालं एवढंच की गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी हेडसेट टेबलावर आपटला. त्याचा तुकडा उडाला आणि शेजारी बसलेल्या मुरानाका-सानच्या भुवईला लागला. दोन टाके पडले. मी लगेच वाकून माफी मागितली. तो स्वतः "दायजोबु, दायजोबु", काही झालं नाही, म्हणत होता. तरी मला महिनाभर घरून काम करायला सांगितलंय. "विश्वजित-सानना विश्रांतीची गरज आहे" असं मेलमध्ये लिहिलंय. अकरा वर्षं जपानमध्ये घासली, त्यांतला एक हेडसेट लक्षात राहिला.

आज मात्र एक चांगली गोष्ट घडली. स्टेशनपलीकडच्या जुन्या सामानाच्या दुकानात बिघडलेल्या वस्तूंची टोपली असते, तिच्यात तीस वर्षांपूर्वीचं गेमचं मशीन सापडलं. पिवळं पडलेलं, पण चांगलं वजनदार. आत 'गोराई'ची कॅसेट तशीच अडकलेली. डेक्कनवरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये मी हा गेम खेळलो तेव्हा माझ्या मुलीएवढा, ओवीएवढा होतो. तेरा. घरी आणून जोडलं, बटण दाबलं, आणि पुढच्या क्षणाला ढोल वाजला आणि दोन माणसं समोरासमोर उभी! हल्लीचे गेम आधी अर्धा तास अपडेट होत बसतात. इथे नव्याण्णव सेकंद आणि सहा बटणं. मी अजूनही पैलवानच घेतो. समोरच्याला कमरेला धरून उचलायचं आणि डोक्यावर आपटायचं. स्क्रीन हादरतो, चार लाल ठिपके उडतात, हाड मोडल्याचा तो कडक आवाज येतो. आज ऐकला आणि मानेवरचे केस उभे राहिले. त्या काळच्या लोकांना मार म्हणजे काय ते कळत होतं.

बायको, कादंबरी, दारातून म्हणाली, "आवाज जरा कमी करतोस?" केला.

१८ जानेवारी, शनिवार

ओवीला खेळायला बसवलं. ही मुलगी माझ्याशी हल्ली बोलतच नाही. काहीही विचारा, "बेत्सुनी" म्हणते. विशेष काही नाही. पण आज दोन तास माझ्या शेजारी बसली. पंधरा डाव झाले, चौदा मी जिंकलो. ओवी ती बारीक भालेवाली घेते, सागी. हात चांगला आहे तिचा, नव्वद सेकंद छान लढते. शेवटच्या दहा सेकंदांत कुठेतरी लक्ष उडतं. मी तिला समजावलं, "बाळा, मॅच शेवटी जिंकायची असते." ती "हाय" म्हणाली. म्हणजे हो.

एक डाव मात्र ती जिंकली. मी कंट्रोलर खाली ठेवला, जरा जोरात असेल, आणि टीपॉयची काच तडकली. जुनीच होती ती काच. ओवी "गोमेन, गोमेन" करायला लागली. मी म्हटलं, तू कशाला सॉरी म्हणतेस? कादंबरीने तुकडे गोळा केले. इथे काच वेगळ्या दिवशी टाकायची असते. तिने जाड कागदात गुंडाळून वर 'धोका' असं लिहूनही ठेवलं. संसाराला नीटनेटकी बाई लागते.

त्यानंतरचे सगळे डाव मीच जिंकलो.

२७ जानेवारी, सोमवार

कॉल संपल्यावर दुपारी पाय मोकळे करायला मोतोयावाताला गेलो. तिथल्या गल्लीत जुनं गेम सेंटर आहे. गेसेन म्हणतात इथे. खाली मोठी आधुनिक मशीनं आणि वरच्या मजल्यावर फक्त नव्वदच्या दशकातली. गोराईची दोन मशीनं पाठीला पाठ लावून ठेवलीत. समोरचा दिसत नाही, फक्त त्याचा खेळ दिसतो. हे सगळं इवासे-सान नावाच्या सत्तरीच्या बाई चालवतात. बटणं स्वतः बदलतात, स्क्रीन स्वतः पुसतात. त्यांना विचारलं, ही जुनी मशीनं कशाला ठेवलीत? म्हणाल्या, "लोक अजून येतात. चांगला खेळ म्हातारा होत नाही, खेळणारे होतात."

पलीकडे मानेला टॉवेल गुंडाळलेला एक ट्रकवाला बसला होता. त्याने मला सलग सहा डाव हरवलं. सहाव्याला माझा पैलवान जमिनीवर पडल्यावरही तो तुडवत राहिला आणि पलीकडून हसला. मी उठलो, वळसा घालून गेलो आणि त्याची कॉलर धरली. त्याने कपाळ माझ्या नाकावर हाणलं. डोळ्यांसमोर पांढरं झालं. मी त्याच्या कानाखाली दिली, त्याने पोटात गुडघा घातला, स्टूल पडलं, आणि आम्ही दोघं त्या अरुंद जागेत एकमेकांचे केस धरून लोळत होतो. तोंडात रक्ताची चव. खरं सांगायचं तर वाईट वाटत नव्हतं.

तेवढ्यात इवासे-सान फरशी पुसायचा दांडा घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. जेमतेम माझ्या छातीएवढ्या. आवाजही चढवला नाही. "स्क्रीनवरच्याला हवं तेवढं मारा. मशीनला मारायचं नाही. माणसाला मारायचं नाही." मग माझ्या हातात फडकं दिलं आणि फरशीवरचं माझं रक्त मला पुसायला लावलं.

घरी सांगितलं, काचेच्या दारावर आपटलो. कादंबरीने बर्फ दिला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. फार दिवसांनी तिने माझ्याकडे असं पाहिलं. बरं वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस जपून ठेवावा असा. वरून ठोकळे पडतात आणि ते रचून ओळी भरायच्या, त्या खेळाची कॅसेट आणली होती. कादंबरी बसली आणि उठेचना. भांड्यांचं कपाट लावणारे हात ते! ठोकळे अडकले की "अगं बाई, हा उभा का आला" म्हणून ओरडायची. ओवी तर पोट धरून हसत होती. दुपारी मी पोहे केले. आम्ही तिघं एका ब्लँकेटमध्ये बसून खाल्ले.

कोण म्हणेल या घरात काही कमी आहे? डॉक्टरबाईंनी हे बघायला हवं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कादंबरीची दोन बोटं मोडली. उजव्या हाताची.

ती बेडरूममध्ये गीताशी फोनवर बोलत होती. गीता ही कादंबरी शिकवते त्या शाळेतली मैत्रीण, कोतोला राहते, तीही शिकवते. मी आत गेलो तशी कादंबरी गप्प झाली. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, काही नाही. माझ्याच घरात मला बघून लोक गप्प होतात, हे मी किती दिवस चालवून घ्यायचं? मी बाहेर आलो आणि दार लावलं. तिची बोटं चौकटीवर आहेत हे मला पाठीमागून कसं दिसणार? आवाज गोराईतल्यासारखाच आला, कडक. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली.

दवाखान्यात मीच नेलं. टॅक्सीत तिचा हात माझ्या मांडीवर घेतला होता. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? कादंबरी लगेच म्हणाली, "माझ्याच हातून दार लागलं." एवढ्या दुखण्यात तिने माझी लाज राखली. चौदा वर्षांच्या सोबतीने माणसं अशी एकमेकांना समजून घेतात.

ओवीने संध्याकाळी स्वतः होऊन विचारलं, "बाबा, गेम?" नऊ डाव झाले. नऊही मी जिंकलो. मन शांत झालं.

१९ फेब्रुवारी, बुधवार



रविवारी गेसेनमध्ये भिंतीवरच्या फळ्याकडे लक्ष गेलं. गोराईत सलग सर्वांत जास्त डाव कोण जिंकलं, त्यांची नावं इवासे-सान खडूने लिहितात. पहिल्या ओळीत होतं: ओवी, एकतीस. मी विचारलं, ही कोण? म्हणाल्या, "शाळकरी मुलगी. शरद ऋतूपासून येते, दर बुधवारी शाळा सुटल्यावर. तिला अजून कोणी हरवलेलं नाही."

बुधवारी ओवीचा ब्रास बँडचा सराव असतो. निदान मला तसं सांगितलेलं आहे.

म्हणून आज चार वाजता जाऊन फोटो काढायच्या बूथमागे उभा राहिलो. ती आली. गणवेश, केस वर बांधलेले. स्टूल पायाने मागे सारलं आणि उभ्यानेच खेळायला लागली. पलीकडे तोच टॉवेलवाला होता. मी तीस वर्षं हा गेम ओळखतो, पण असा खेळ पाहिला नाही. त्याने हात उचलायच्या आत तिचा भाला त्याच्या बरगड्यांत असायचा. पडला की उठू द्यायची, उठला की पुन्हा. शेवटच्या दहा सेकंदांत तर ती आणखी वेगवान व्हायची. दोन्ही पायांवर घट्ट उभी होती, आणि मोठ्याने ओरडत होती, "आणखी ये! आणखी ये!" जिंकल्यावर तिने मुठी वर केल्या. टॉवेलवाला उठून आला, तेव्हा मी बूथमागून पुढे व्हायला निघालो होतो. पण त्याने तिला वाकून नमस्कार केला.

ही मुलगी मी घरी कधी पाहिलेली नाही.

आता उघडच आहे. घरी ती मुद्दाम हरते. एक महिना माझ्या शेजारी बसून माझ्या तोंडावर खोटं खेळते. चौदा डाव, नऊ डाव, सगळं भीक म्हणून दिलेलं. पोटच्या मुलीने मला असं फसवावं? का, ते मला कळत नाही.

९ मार्च, रविवार

अडीच आठवड्यांत काही लिहिलं नाही, कारण बारा दिवस पोलिसांच्या कोठडीत होतो. आता कंपनीने दिलेल्या एका खोलीत आहे. घरी जायचं नाही, फोन करायचा नाही, असं सांगितलंय. ही वही ऑफिसच्या बॅगेत होती म्हणून माझ्यासोबत आली.

झालं ते लिहून ठेवतो.

२३ तारखेला, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ओवीला म्हटलं, चल, खेळू. पहिला डाव. शेवटचे दहा सेकंद आले आणि मी स्क्रीन सोडून तिच्या हाताकडे पाहिलं. गार्डच्या बटणावरचं बोट तिने उचललं. हलकेच, श्वास सोडावा तसं. माझ्या पैलवानाने तिच्या सागीला आपटलं.

मी म्हटलं, "खरं खेळ."

"खरंच खेळतेय, बाबा."

"ओवी, खरं खेळ."

कादंबरी स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली. बोटांना अजून पट्टी होती. "विश्वजित, राहू दे ना. तिला अभ्यास आहे."

"तू मध्ये बोलू नकोस. ओवी, मी बुधवारी तुला पाहिलंय. खरं खेळ."

ओवीचा चेहरा पांढरा पडला. तिने आईकडे पाहिलं, मग कंट्रोलर नीट धरला. आणि खेळली. त्यानंतरचा पहिला डाव अकरा सेकंदांत संपला. पैलवानाला एक पाऊलही टाकता आलं नाही. दुसरा चौदा सेकंद. तिसरा. ती रडत होती आणि मारत होती, डोळे पुसायलासुद्धा हात काढत नव्हती. भाला पोटात, भाला गळ्यात, लाल ठिपके. सहाव्या डावानंतर मी म्हटलं, पुन्हा. नऊ झाले. नवव्याला मला कळलं की ती थांबणार नाही.

मग मी मशीन उचललं. वायर ओढताना ते हातातून सुटलं. कादंबरी नेमकी मध्ये आली. तिला डाव्या कानाच्या वर लागलं. ती भिंतीला टेकत खाली बसली. रक्त मानेवरून पट्टीच्या हातावर आलं, आणि ती दुसऱ्या हाताने ओवीला मागे ढकलत होती. मी तिला उचलायला पुढे झालो तर ती ओरडली. बोटं मोडली तेव्हासुद्धा ओरडली नव्हती.

ओवीने फोन लावला. पत्ता सांगितला, मजला सांगितला. आवाज अगदी स्थिर होता. "वडिलांनी आईला मारलं. आई शुद्धीवर आहे. वडील अजून इथेच आहेत. लवकर या."

मी तिथेच उभा राहून ऐकत होतो. वडील अजून इथेच आहेत.

१६ मार्च, रविवार

वकील ओनोदेरा-सान येऊन गेले. कादंबरीच्या कानावरचं हाड तडकलंय, त्या कानाने कमी ऐकू येतं. ती आणि ओवी गीताकडे आहेत. कादंबरीने अजून जबाब दिलेला नाही. ओवीने दिलाय: "बाबांनी मशीन फेकलं."

ओनोदेरा-सान म्हणाले, तुमचा जबाब 'हातातून सुटलं' असा आहे, तो धरून ठेवा. मुलगी तेरा वर्षांची, घाबरलेली, तिला काय दिसलं याची खात्री देता येत नाही असं आपण म्हणू. प्रकरण बहुधा इथेच मिटेल, व्हिसालाही धक्का लागणार नाही.

मी विचारलं, "म्हणजे ती खोटं बोलतेय असं म्हणायचं?"

"खोटं नाही. चुकतेय, असं म्हणायचं."

मी हो म्हटलं. त्यात गैर काय? सुटलंच होतं हातातून.

१९ मार्च, बुधवार

बुधवार आहे हे लक्षात होतं, म्हणून मुद्दाम सकाळी गेसेनला गेलो. ओवीची गाठ पडू नये म्हणून. कुठेतरी बसायचं होतं, एवढंच.

वर कोणी नव्हतं. इवासे-सान गोराईच्या मशीनचं झाकण उघडून बटणं बदलत होत्या. मला पाहून त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"ती आता येत नाही," त्या म्हणाल्या. "चार आठवडे झाले."



"जानेवारीत तिने मला एक विचारलं होतं. समोरच्याला कळणार नाही असं हरायचं कसं? मी म्हटलं, जिंकायला शिकायला लोक येतात, हे काय नवीन? म्हणाली, माझे वडील आजारी आहेत. हरले की त्यांना त्रास होतो. मला वाटलं, किती मायाळू मुलगी." त्यांनी हाताला लागलेलं तेल पुसलं. "मी शिकवलं तिला. नव्वद सेकंद मनापासून खेळ. शेवटी गार्डवरचं बोट उचल, पण घाईने नको, श्वास सोडल्यासारखं. आम्ही इथे समोरासमोर बसून तीन बुधवार सराव केला. त्या मुलीला जिंकायला मी काहीच शिकवलेलं नाही. हरायला मात्र मीच शिकवलं."

मी जिन्याकडे वळलो.

"तिचे वडील तुम्हीच ना?"

मी थांबलो.

"कसला आजार आहे तुम्हाला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.  बाहेर येऊन स्टेशनपर्यंत चालत गेलो, मग परत फिरलो, मग पुन्हा स्टेशनवर. चार गाड्या गेल्या. बाकावर बसून ही वही पहिल्या पानापासून वाचली. जोरात ठेवला असेल. जुनीच होती ती काच. बोटं मला कशी दिसणार. एखाद्या परक्या माणसाची वही हाती लागावी तसं वाटलं, आणि त्या माणसाच्या घरात एक बाई आणि एक मुलगी आहेत, त्यांना कुणीतरी आधी तिथून बाहेर काढा, असं वाटलं.

दार मी मागे न बघता लावलं नव्हतं. ती मागोमाग येत होती हे मला माहीत होतं. पावलं ऐकू येत होती.

२१ मार्च, शुक्रवार

हे पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून लिहितोय. आत माझा नवा जबाब टाईप होतोय.

सकाळी ओनोदेरा-सानना फोन केला.  ते म्हणाले, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. खटला उभा राहील. नोकरी जाईल, बहुधा देशही सोडावा लागेल. मुलीला परत कधी भेटायला मिळेल ते मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, माहीत आहे. भीती वाटते का विचारलंत तर हो, वाटते. काल जेवण गेलं नाही.

आत माझ्याएवढ्याच वयाच्या एक महिला अधिकारी होत्या. मी वही पुढे ठेवली आणि मराठी वाचून एकेक वाक्य जपानीत सांगत गेलो. काच. दार. हेडसेटसुद्धा. त्या लिहीत होत्या, मध्येच थांबवून तारीख विचारत होत्या. २३ फेब्रुवारीपर्यंत आलो.

"मशीन हातातून सुटलं, असं इथे लिहिलंय," मी म्हणालो. "ते खरं नाही. सुटलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी फेकलं."

"भिंतीवर?"

"नाही."

त्यांनी मान वर केली. "पुढचं वाक्य काय आहे?"

मी वाचलं. कादंबरी नेमकी मध्ये आली.

"मध्ये म्हणजे? कशाच्या मध्ये?"

हे वाक्य मी लिहिलं होतं, वकिलांना सांगितलं होतं, कोठडीत बारा दिवस स्वतःशी म्हटलं होतं. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खोलीत घड्याळ नव्हतं. बाहेर कुणीतरी छत्री झटकत होतं.

"माझ्या आणि माझ्या मुलीच्या," मी म्हणालो. "मी ते ओवीवर फेकलं होतं. तिच्या डोक्यावर नेम धरून."

त्यांनी लिहिलं. मग कागद माझ्याकडे वळवला आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं, बरोबर आहे ना ते मी वाचून पाहावं म्हणून.

मी वाचलं. बरोबर होतं.